मूठभर, पण दर महिन्याला

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका औषध दुकानाच्या काउंटरखाली लाल कापडी बांधणीची उधारीची वही असते आणि तिच्यातली काही पाने आमच्या गटाच्या नावाने राखलेली आहेत. जखमी कुत्री-मांजरे उचलून आणून त्यांच्यावर उपचार करणाऱ्या दहा-बारा तरुणांचा हा गट आहे. मी त्यांचा हिशेब गेली चार वर्षे लिहितो, त्यामुळे ती पाने मला जवळजवळ पाठ झाली आहेत: सलाईनच्या बाटल्या, प्रतिजैविके, जखमेत किडे पडल्यावर मारायचा फवारा, हातमोजे, कापूस, पुन्हा सलाईन. पान भरत जाते. दुकानदार भला माणूस आहे, तो मागत नाही, पण नवी रक्कम लिहिताना क्षणभर थांबतो आणि तेवढे थांबणे आम्हाला पुरेसे असते. मग एखाद्या जखमी जनावराचा फोटो मोबाईलवरून गावभर फिरतो, दोन दिवसांत पैसे जमतात, जुन्या बाकीवर आडवी रेघ पडते आणि पुढच्या आठवड्यात नवे पान सुरू होते.

या वहीकडे पाहून माझे जे मत बनले आहे, ते मांडण्यासाठी हा लेख आहे. मुक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या आश्रयस्थानांना आणि बचाव गटांना कोल्हापूरकर पैसे देत नाहीत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. देतात, आणि मोकळ्या हाताने देतात. पण ते प्रसंगाला देतात, आणि जनावराचे पोट, त्याची जखम, त्याची जागा झाडणाऱ्या माणसाचा पगार या गोष्टी प्रसंग पाहून येत नाहीत. या कामाला दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारी, कोणत्याही एका जनावराच्या नावाने न बांधलेली छोटी रक्कम हवी आहे. ती नसल्यामुळे चांगल्या संस्था मोडकळीला येतात आणि वाईट संस्थांचे फावते.

दीड वर्षापूर्वीची एक घटना सांगतो. तावडे हॉटेलच्या चौकाजवळ रात्री एका वाहनाने तांबड्या रंगाच्या कुत्र्याला उडवले. मागचे दोन्ही पाय लुळे पडले होते आणि तो पुढच्या पायांवर अंग ओढत दुभाजकाच्या कडेला जाऊन बसला होता. गटातल्या मुलांनी त्याला पोत्यावर घेऊन उचलले, एक्स-रे काढला, आणि त्याचा फोटो टाकला. फोटोत त्याचे डोळे सरळ पाहणाऱ्याकडे रोखलेले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याच्या उपचाराला लागतील त्याहून अधिक पैसे खात्यावर आले. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. त्यानंतर जे झाले ते अवघड होते. काही देणगीदारांनी विचारले की त्याचे उरलेले पैसे कुठे आहेत. प्रश्न रास्त होता आणि विचारणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांनी त्या कुत्र्यासाठी दिले होते. आम्ही प्रत्येकाला फोन करून विचारले, हे पैसे दुसऱ्या जनावरांसाठी वापरू का. बहुतेकांनी होकार दिला, काहींनी परत मागितले, आणि त्यांना ते परत केले.

त्याच आठवड्यात आमच्याकडे पार्वो या विषाणूजन्य रोगाची लागण झालेली सात पिल्ले होती. त्यांचा फोटो कोणी काढला नव्हता, कारण पार्वो झालेले पिल्लू फोटो काढण्यासारखे दिसत नाही. ते उलट्या करते, त्याला रक्ताचे जुलाब होतात, त्याला एक विशिष्ट आंबूस उग्र वास येतो जो कपड्यांतून दोन दिवस जात नाही. सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायची, पिल्लाच्या पायाची बारीक शीर सापडेपर्यंत हातातली बॅटरी हलू द्यायची नाही, रात्री दर दोन-तीन तासांनी उठून थेंब चालू आहे का पाहायचे, पोते बदलायचे, फरशी ब्लीचच्या पाण्याने पुसायची, कारण हा विषाणू जागेवर महिनोन्‌महिने टिकतो. सातपैकी तीन वाचली. त्यांच्या औषधांचा खर्च उधारीच्या वहीत गेला. ज्या लशीने हा रोग टळतो ती लस या सगळ्या खर्चाच्या मानाने फार स्वस्त असते. पण 'आम्ही वीस पिल्लांना लस दिली आणि काहीच झाले नाही' ही बातमी कोणाच्या काळजाला भिडत नाही.

बचाव म्हणजे उचलून आणणे, अशी समजूत आहे. उचलून आणणे हा त्या कामातला सर्वांत छोटा आणि सर्वांत स्वस्त भाग असतो. पाय गमावलेला कुत्रा बरा झाला की प्रश्न संपत नाही, तिथून तो सुरू होतो, कारण त्याला रस्त्यावर परत सोडता येत नाही आणि नीट सांभाळलेला कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. म्हणजे एका अपंग जनावराला आत घेण्याचा निर्णय हा बारा वर्षांच्या जेवणाचा, लशींचा, आजारपणाचा आणि त्याच्याजवळ रोज असणाऱ्या माणसाच्या मजुरीचा करार असतो. तो करार दोन दिवसांत जमलेल्या पैशांवर करता येत नाही. तरीही लोक आणून सोडतात. सकाळी फाटक उघडावे तर आंब्याच्या पेटीत पिल्ले ठेवलेली असतात, कधी त्यांच्याबरोबर बिस्किटांचा पुडाही असतो. सोडणाऱ्याला वाटते की आपण त्यांना चांगल्या ठिकाणी पोहोचवले. आत मात्र आधीच चाळीस जनावरांच्या जागेत साठ असतात, आणि गर्दी वाढली की डिस्टेंपर, पार्वो, खरूज असे संसर्गाचे रोग एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात जायला वेळ लागत नाही. म्हणून जी संस्था 'आता जागा नाही' असे स्पष्ट सांगते, तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. नकार देणारी संस्था निर्दय असते असे मानून आपण तिची बदनामी करतो आणि कोणालाही नाही न म्हणणाऱ्या संस्थेला देणगी देतो, जिथे जनावरे एकमेकांच्या अंगावर मरतात. ही चूक देणाऱ्याची आहे आणि ती त्याने सुधारली पाहिजे.

कोल्हापूरला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण पुराने आपल्याला ते दोनदा शिकवले आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशाऱ्याची आणि ४३ फुटांना धोक्याची होते, हे इथल्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेले. चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातल्या गावांतून माणसांबरोबर जनावरेही हलवावी लागली. ज्यांना हलवता आले नाही त्यांची दावी कापून मालकांनी त्यांना नशिबावर सोडले. त्या दिवसांत राज्यभरातून मदतीचे ट्रक आले, जनावरांसाठी वैरणही आली, त्या सर्वांचे उपकार कोल्हापूर विसरलेले नाही. परंतु पूर ओसरल्यावर जेव्हा गोठ्यात चिखल साचलेला असतो, भिजलेली वैरण कुजून वास मारू लागते, घटसर्पासारख्या रोगांची भीती असते आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना कचऱ्याचा ढीगही उरलेला नसतो, तेव्हा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, मदत आटते. आणि ज्या तयारीमुळे जीव वाचले असते, ती म्हणजे उंचावरची कोरडी जागा, दोर, पिंजरे, लशीचा साठा आणि पंधरा दिवसांची वैरण, मे महिन्यातच करावी लागते. मे महिन्यात पात्र कोरडे असते आणि देणगीचे पाकीटही.

ठरावीक आणि सातत्याचे दान ही कल्पना बाहेरून आणण्याची आपल्याला गरज नाही. मुंबईत १८३२ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली, तेव्हा पारशी समाजाने दंगा आणि हरताळ केला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरपोळ, म्हणजे निराधार जनावरांचे आश्रयस्थान, उभी राहिली. मला या इतिहासात दंग्यापेक्षा त्यामागून आलेली व्यवस्था महत्त्वाची वाटते. व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वतःहून एक छोटा लागा बसवला. कापूस, साखर यांसारख्या मालाच्या व्यवहारामागे थोडीशी रक्कम पांजरपोळीला जाऊ लागली. राग ओसरतो, कणव ओसरते, पण व्यवहार रोज होतो, हे त्या व्यापाऱ्यांनी ओळखले होते.

कोल्हापूरची शाहूपुरी पेठ १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी वसवली ती व्यापार वाढावा म्हणून, आणि गुळाच्या बाजाराने तिचे नाव देशभर नेले. बाजारपेठेतले धर्मादाय हे आपल्यालाही परके नाही. मात्र एक गोष्ट इथे स्पष्टपणे म्हटली पाहिजे. बाजारात धर्मादायाच्या नावाखाली शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशांतून, कापून घेण्याची जी रीत अनेक ठिकाणी पडली होती, ती अन्यायाची होती. दुसऱ्याच्या घामाचे पैसे कापून आपण पुण्य जोडणे याला दान म्हणता येत नाही. आज जर कोणी व्यापारी, अडत्या, हॉटेलवाला किंवा सराफ असा लागा पुन्हा सुरू करणार असेल, तर तो त्याच्या स्वतःच्या नफ्यातून निघाला पाहिजे.

याहून जवळचे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे आहे. त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचा. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतली मुले जेवली पाहिजेत म्हणून त्यांनी मुष्टिफंड चालवला. घरोघरच्या बायांनी दळणाच्या किंवा रांधण्याच्या वेळी मूठभर धान्य बाजूला टाकायचे आणि ते ठरलेल्या दिवशी गोळा व्हायचे. मूठभर धान्य देणाऱ्या घराला त्या मुठीची तोशीस पडत नसे. पण गोळा करणाऱ्याला पक्के माहीत असे की पुढच्या वेळीही मूठ येणार आहे, आणि त्या खात्रीवर तो आणखी एका मुलाला आत घेऊ शकत असे. प्राण्यांच्या संस्थांना नेमकी हीच खात्री हवी आहे. शंभर घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर दहा हजार होतात. एवढ्यात एका झाडू-पोछा करणाऱ्या मावशींची अर्धवेळ मजुरी नक्की भागते, आणि ज्या संस्थेत रोज सकाळी फरशी धुतली जाते तिथे औषधांचे बिल आपोआप उतरते. हे मी अंदाजाने म्हणत नाही, वहीत पाहून म्हणतो.

आता ज्या विषयाला कोल्हापुरात फारसे कोणी हात घालत नाही, त्याकडे वळतो. आपला जिल्हा दुधाचा आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेले धारोष्ण दूध पिणारे हे गाव, दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगे रंगवून, गळ्यात घुंगरांच्या माळा घालून वाजतगाजत मिरवणूक काढणारे हे गाव. बेंदराला बैलांना पुरणपोळी भरवणारी ही माणसे आहेत. या प्रेमाबद्दल मला यत्किंचितही शंका नाही. पण दुधाच्या धंद्यात जन्मणाऱ्या नर वासराचे आणि रेडकाचे काय होते, भाकड झालेल्या आणि पुन्हा गाभण न राहणाऱ्या गाईचे काय होते, हा प्रश्न त्या प्रेमाच्या बाहेर राहतो. पूर्वी बैल नांगराला आणि गाडीला लागत असे. आता ट्रॅक्टर आहे. राज्यात २०१५ पासून गोवंश हत्याबंदीचा कायदा आहे, त्यामुळे शेतकऱ्याला निरुपयोगी बैल विकण्याची जुनी वाट बंद झाली. कायदा योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. पण कायद्याने जनावर वाचवले तर त्याच्या वैरणीची तजवीजही कोणीतरी करायला हवी, आणि ती दोन-तीन जनावरांच्या मालकावर टाकून मोकळे होता येणार नाही.

राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपयांचे अनुदान देण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागत आहे. पण मोठ्या गाईला दिवसाला पंधरा-वीस किलो हिरवी वैरण लागते आणि तिच्याबरोबर सुकी वैरणही. ऊस तुटत असतो तोवर वाडे, म्हणजे उसाच्या शेंड्याची हिरवी पाने, मिळते, ते संपले की वैरणीचा भाव चढतो, आणि अनुदान मात्र बारा महिने तेवढेच राहते. शिवाय आपल्या गोठ्यांत भरलेल्या संकरित गाईंना, त्यांच्या खोंडांना आणि रेडकांना ते लागूच नाही. म्हणून पांजरपोळ आणि गोशाळा यांना मिळणारे दान हे केवळ धर्मकृत्य समजणे मला अपुरे वाटते. तो दुधाच्या किमतीचा एक भाग आहे, जो आज आपण दूधवाल्याला देत नाही. दिवसाला १० लाख लिटर दूध गोळा करणाऱ्या एखाद्या संघाने स्वतःच्या नफ्यातून लिटरमागे फक्त १ पैसा बाजूला काढला, तर दिवसाला १० हजार आणि वर्षाला ३६ लाखांहून अधिक रुपये उभे राहतात. सहकाराची एवढी मोठी परंपरा असलेल्या जिल्ह्यात हे अशक्य का असावे, हे मला समजलेले नाही. त्याच पैशातून मादी वासरेच जन्माला येण्याची शक्यता खूप वाढवणाऱ्या लिंगनिर्धारित रेतमात्रा लहान शेतकऱ्याला कमी दरात देता आल्या, तर पांजरपोळीच्या दारात येणारी वासरे मुळात कमी होतील.

या सगळ्यावर एक आक्षेप येतो आणि तो मी हलका मानत नाही. माणसे उपाशी आहेत, शाळेची फी भरता न आल्याने मुले घरी बसतात, सरकारी दवाखान्यात औषध नसते. अशा वेळी कुत्र्यांवर पैसे कशाला? ज्याच्या घरातले मूल कुत्र्याने फाडले आहे, त्याने हा प्रश्न विचारला तर त्याच्यासमोर दयेचे पाठ म्हणणे क्रूरपणाचे होईल. त्याला उत्तर दिले पाहिजे ते त्याच्याच प्रश्नातून. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की जवळजवळ कोणीही वाचत नाही. हा रोग बंगल्यातल्या माणसाला क्वचित गाठतो; तो गाठतो उघड्यावर खेळणाऱ्या, वस्तीत राहणाऱ्या, पहाटे कामाला निघणाऱ्या माणसाला, उसाच्या फडावर खोपटात झोपलेल्या तोडणी कामगाराच्या लेकराला. आणि जागतिक आरोग्य संघटना गेली कित्येक वर्षे सांगते आहे की एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रोगाची साखळी तुटते. म्हणजे नीट चाललेल्या संस्थेला दिलेले लशीचे पैसे त्या लेकरासाठीच दिलेले असतात. दान करणारा माणूस एकाच घागरीतून पाणी वाटतो आणि इकडे दिले की तिकडे कमी पडते, हा हिशेबही माझ्या अनुभवात खरा ठरलेला नाही. आमच्या यादीतले बहुतेक नियमित देणारे कुठल्या ना कुठल्या विद्यार्थ्याची फीही भरतात.

मात्र या आक्षेपाचा एक भाग मला पूर्ण मान्य आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खायला घालणारे आणि त्यांच्या नसबंदीकडे पाठ फिरवणारे लोक गल्लीचे नुकसान करतात. मादीचा गर्भकाळ साधारण दोन महिन्यांचा असतो; पोटभर अन्न मिळाले की पिल्ले वाढतात, आणि त्यांतली बहुतेक गाडीखाली, पार्वोने किंवा भुकेने मरतात. खायला घालणे हे त्या माणसाच्या मनाला सुखावणारे काम आहे. ज्या मादीला तो चपाती घालतो तिला पकडून शस्त्रक्रियेला नेण्याचा खर्च आणि खटाटोप करायची त्याची तयारी नसेल, तर त्याच्या दयेचा भार शेजाऱ्याच्या मुलावर पडतो.

इथे महापालिकेची जबाबदारीही विसरून चालणार नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी ठरवली आहे आणि ते काम मान्यताप्राप्त संस्थांमार्फतच करायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये निर्बीजीकरण व लसीकरणानंतर कुत्री मूळ जागी सोडण्याचे तत्त्व, पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळून, कायम ठेवले. नोव्हेंबरमध्ये मात्र शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणची कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. निवारे कुठे आहेत, त्यांत किती जागा आहे, तिथली जनावरे कोण सांभाळणार, हे प्रश्न देशातल्या प्रत्येक शहरापुढे एकाच वेळी उभे राहिले. देणगीदारांच्या पैशाने महापालिकेची उणीव भरून काढावी असे मी म्हणणार नाही, कारण तसे केले की उणीव कायमची होते. देणगीदाराने संस्थेला पैसे द्यावेत आणि नागरिक म्हणून महापालिकेला दर वर्षी किती शस्त्रक्रिया झाल्या याचा जाबही विचारावा. कायद्याचा धाक म्हणावा तर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला आजही १० ते ५० रुपये दंड आहे. एका जनावराला छळण्याची किंमत या कायद्याच्या लेखी चहा-नाश्त्याएवढी असताना, समाजाची वर्गणी हीच सध्या त्या जनावराची खरी ढाल आहे.

लोक नियमित देत का नाहीत, याचे सर्वांत मोठे कारण अविश्वास आहे आणि तो निराधार नाही. एकाच जखमी कुत्र्याचा फोटो तीन वेगवेगळ्या नावांनी, तीन वेगवेगळ्या क्यूआर कोडांसह फिरताना मी पाहिला आहे. म्हणून देण्याआधी विचारावे. संस्था नोंदणीकृत आहे का, पैसे संस्थेच्या खात्यात जातात की एखाद्या व्यक्तीच्या, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल झाला आहे का, किती जनावरे आली, किती बरी झाली, किती दत्तक गेली आणि किती मेली. मेलेल्यांचा आकडा विचारायला संकोच करू नये. जी संस्था तो आकडा सांगते तिच्यावर माझा विश्वास बसतो, कारण या कामात मृत्यू रोजचा आहे आणि तो नसल्याचे दाखवणारा काहीतरी लपवत असतो. शक्य असेल तर न कळवता एकदा जाऊन यावे आणि आधी पाण्याची भांडी पाहावीत. भांड्यात शेवाळ असेल तर बाकी काही विचारण्याची गरज नाही. मात्र 'माझ्या शंभरातले किती रुपये प्रत्यक्ष जनावराला मिळाले' हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. ज्या माणसाने रात्री उठून सलाईन पाहिले त्याचा पगार जनावरालाच मिळालेला असतो.

करसवलतीबद्दल थोडे. आयकर कायद्याखाली ('८०जी' म्हणून ओळखली जाणारी) मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट, २००० रुपयांपेक्षा जास्त रोख नसेल तर, जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही, आणि बहुतेक नोकरदार आता तिकडे गेले आहेत. कंपन्यांची गोष्ट वेगळी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक दायित्वाच्या यादीत प्राणिकल्याण स्पष्टपणे आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींतल्या उद्योगांनी ही नोंद वाचावी, आणि देताना नाव रंगवता येईल अशीच वस्तू देण्याचा मोह टाळावा. एका संस्थेच्या आवारात देणगीत मिळालेली रुग्णवाहिका ताडपत्रीखाली उभी असलेली मी पाहिली आहे. तिच्या दोन्ही बाजूंना दात्याचे नाव आहे. चालकाचा पगार आणि डिझेल कोणी दिले नाही.

जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने नांदणी मठाची महादेवी हत्तीण जामनगरला नेली गेली, तेव्हा हा जिल्हा रस्त्यावर उतरला. हत्तिणीचे हित कशात होते यावर माणसांची मते वेगळी असू शकतात, पण नांदणीहून कोल्हापूरपर्यंत पायी चालत आलेल्या माणसांच्या डोळ्यांतले पाणी खरे होते. एका जनावरासाठी इतके चालू शकणाऱ्या गावाला महिन्याला शंभर रुपये जड जातील, यावर माझा विश्वास नाही. कोणीतरी ते पद्धतशीरपणे मागितले पाहिजेत, एवढेच.

आम्ही ते मागायला गेल्या वर्षी सुरुवात केली, आणि पहिला होकार एका तालमीकडून आला. गणेशोत्सवाच्या वर्गणीतली ठरावीक रक्कम गल्लीतल्या कुत्र्यांसाठी ठेवायची, आणि बाकीचे अकरा महिने मंडळातल्या मुलांनी आपापसांत गोळा करून द्यायची, असा त्यांचा ठराव झाला. बैठकीत एक वयस्कर पैलवान म्हणाले, "देऊ, पण कागदावर सगळं दिसलं पायजे." ते योग्यच होते. शस्त्रक्रिया मान्यताप्राप्त केंद्रात झाल्या, परत आलेल्या कुत्र्यांच्या कानाला नसबंदी झाल्याची खूण आहे, आणि तालमीच्या भिंतीवर लावलेल्या जमाखर्चाच्या तक्त्यात मंडप, विद्युत रोषणाई आणि प्रसाद यांच्या खाली आता 'कुत्र्यांची नसबंदी व लस' अशी एक ओळ असते. त्या ओळीसमोरचा आकडा मी दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्याकडून उतरवून घेतो. गल्लीतल्या दोन माद्या अजून राहिल्या आहेत. त्या फार बुजऱ्या आहेत, जाळी दिसली की पळतात. रात्री अकरानंतर बेकरीच्या मागे येतात असे मुलांनी हेरले आहे, आणि येत्या शनिवारी पिंजरा घेऊन तिथे बसायचे ठरले आहे.